गुलालाआधीच लाल झालेली बोटं

तुम्ही सगळे या ग्रुपवर असले गूढ अनुभव लिहिता आणि मी चहा पीत वाचते, मनात हसते... खोटं कशाला सांगू! आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की पहिलं मीच विचारणार, "सकाळपासनं जेवलीयास का?" अशी मी बाई. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी राग यायचा नाही.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. माझी लेक विद्या जनावरांची डॉक्टर. लग्न होऊन कॅनडाला गेली आणि तिकडं एका खेड्यात रुजली. लोकांच्या गाईघोड्यांची बाळंतपणं करता करता लोकांनीच तिला खासदारकीला उभी केली — तिकडच्या, दिल्लीच्या नव्हे! पहिल्या खेपेला पडली. या खेपेला परत उभी राहिली तेव्हा म्हणाली, "आई, आता पडले तर परत निवडणुकीचं नाव काढणार नाही." माझ्या काळजात चर्र झालं. कारण या पोरीनं हट्ट सोडलेला मी कधी बघितलेला नाही.

तिचा मतदारसंघ म्हणजे नुसती गव्हाची रानं. एका घरातनं हाक मारली तर दुसऱ्या घराला ऐकू जायची नाही. माझ्या सकाळच्या चहाला तिचा फोन यायचा, तिकडं तेव्हा रात्र पडत असायची. एक दिवस रडवेली झाली होती.

"आई, मार्था म्हणून एक म्हातारी आहे. एकटीच राहते. त्या टोकाची सगळी गावं तिच्या शब्दावर चालतात. गेल्या वेळी मी तिथंच मार खाल्ला. पण ती कुणालाच फाटकाच्या आत घेत नाही. वर कुत्रं असलं दांडगं..."

"मग तू काय करत्यास?"

"फाटकाला पत्रक अडकवते आणि पुढं जाते."

"फाटकाला? अगं बये, मतं मागायला गेलीयास का लाईट बिल टाकायला?"

आता माझी पद्धत सांगते. माझ्या जाऊबाई नगरसेविका झाल्या त्या माझ्या पायपिटीवर. घरात शिरायचं, बाई शेंगा फोडत असली तर समोर बसून शेंगा फोडायच्या, तांदूळ निवडत असली तर ताट ओढून घ्यायचं. मताचं नावसुद्धा काढायचं नाही. काम झालं की उठायचं. ज्या बाईचं काम आपण केलं, ती बाई आपल्याला विसरत नाही.

विद्या म्हणाली, "आई, इथं न विचारता अंगणात पाय टाकला तर पोलीस बोलावतात."

"मग तुझ्यानं हुईत नसलं तर मीच जाते की!" असं म्हणून मी रागानं फोन ठेवला.

त्याच दिवशी संध्याकाळी मला थंडी वाजून आली. आमच्या ह्यांचा जुना तपकिरी स्वेटर चढवला, बटणं वरखाली लागली तीही तशीच राहू दिली. दिवेलागणीला कॉटवर आडवी झाले आणि डोळा लागला. स्वप्न पडलं म्हणाल, तर नाही. काहीच आठवत नाही. फक्त ओल्या मातीचा वास.

सून स्मिता हलवून उठवत होती. "आई, अंगात ताप असताना बीट कशाला सोलत बसलात?"

बघते तर दोन्ही हातांची बोटं लालभडक! नखांत गच्च रंग बसलेला.

"बीट कुठाय घरात?" मी म्हणाले.

तिनं फ्रीज उघडला, भाजीची टोपली उपडी केली. बीट नाही. साबणानं घासलं, लिंबू चोळलं... रंग जाईना. "कशाला तरी हात लागला असेल," म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्याचा फोन. आवाज भलताच.

"आई, काल संध्याकाळी कुठं होतीस?"

"कॉटवर. कुठं असणार?"

"आज मी फाटकाशी गेले तर मार्था स्वतः उभी. म्हणाली, आत ये, सकाळी तुझी आई येऊन गेली. इथली सकाळ म्हणजे तुझी कालची संध्याकाळ!"

म्हातारीनं सगळं सांगितलं म्हणे. ती लोणच्याला बीट उकडून बसली होती. एक साडीवाली बाई सरळ आत आली, वर तपकिरी स्वेटर, बटणं चुकलेली. समोर बसली आणि चाकू न घेता बोटांनीच बादलीभर बीट सोलून काढलं. सारखी बोलत होती. मार्थाला एक शब्द कळला नाही, पण काम संपल्याशिवाय ही उठायची नाही एवढं कळलं. जाताना फाटकाला अडकवलेल्या पत्रकावरच्या विद्याच्या फोटोवर बोट ठेवलं आणि आपल्याच छातीवर हात मारला.

"आणि कुत्रं?" माझ्या तोंडून निघालं.

"आई... मार्था म्हणाली, तुझी आई त्याला 'हाड' म्हणाली आणि ते गप बसलं. अगदी तुझ्यासारखं म्हणून दाखवलं तिनं. हाड!"

मी व्हिडिओ लावून माझी बोटं दाखवली. मग मीच विचारलं, "ते जाऊ दे. मत देते म्हणाली का?"

मत काय घेऊन बसलात, मार्था दुसऱ्या दिवसापासनं विद्याच्या गाडीत पुढच्या सीटवर! घरोघर स्वतः दार वाजवायची.

निकाल आमच्याकडं सकाळी लागत होता. स्मितानं लॅपटॉप लावला, सगळी गल्ली आमच्या सोप्यात. समोरचे रशीदभाई चिडवायला लागले, "काकी, पोतंभर गुलाल आणून ठेवलाय मी. विद्याची शीट पडली तर माझ्या डोक्यावर पडंल ह्यो!"

कधी पुढं, कधी मागं. शेवटी त्या टोकाच्या गावांच्या पेट्या मोजल्या आणि विद्या निवडून आली! हलगी कडाडली, गुलाल उधळला, मी या वयात नाचले. रस्त्यावरचा एक गाडीवाला थांबून विचारतोय, "कोण आलं वो निवडून?"

"कॅनडाची खासदार, पावणं!"

"कुठल्या वॉर्डातनं?"

तेवढ्यात विद्याचा व्हिडिओ कॉल. तिच्या शेजारनं एका म्हातारीनं फोन हिसकावला. मला बघून दचकली नाही की नवल केलं नाही. शेजारीण भेटावी तशी हसली आणि लाल लोणच्याची बरणी वर धरून काहीतरी म्हणाली.

विद्या रडत-हसत सांगायला लागली, "आई, म्हणते ही बरणी तुझी. त्या दिवशी न घेताच गेलीस."

मी हात जोडले. हात परत लालभडक, या खेपेला गुलालानं.

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणतात ताप. स्मिता म्हणते योगायोग. मला स्वतःला आजपर्यंत काही उमगलेलं नाही. अहो, माझ्याकडं साधा पासपोर्टसुद्धा नाही! तुमच्यापैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहा. नाही झाला तरी माझं काही अडलेलं नाही...

शीट आली की!