भाऊंच्या मोटारीचा काटा

भाऊंच्या मोटारीत पेट्रोल कधीच नसायचं, आणि तरीही ती लोणावळ्याहून आंदर मावळात खुशाल जाऊन यायची. निदान पेट्रोलचा काटा तरी तसं सांगायचा. तो कायम रिकाम्यावर पडलेला. नवा माणूस शेजारी बसला, की पहिल्याच चढाला त्याची नजर काट्यावर जाई आणि मग गप्पांतलं लक्षच उडे. भाऊंना ही गंमत फार आवडायची. "त्याच्याकडं नका बघू, त्यो झोपलाय," असं सांगून स्वतःच हसत सुटायचे.

भाऊ आमचे शेजारी. मूळचे आंदर मावळातले, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना मुलगी नव्हती. आळीतल्या प्रत्येक मुलीला लग्नाच्या दिवशी आपल्या पिस्ता रंगाच्या जुन्या मोटारीतून मांडवात न्यायचं, हा मान त्यांनी कुणी न देताच घेतला होता. निघण्याआधी टाकीत वेताची काठी बुडवायची आणि ती कुठवर भिजली ते बघायचं, ही त्यांची पेट्रोल मोजायची रीत.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात फेटा बांधायच्या गडबडीत काठी बुडवायची राहिली आणि मोटार कार्ल्याच्या फाट्यावर गप्प झाली. नवरी टेम्पोत, आचाऱ्याच्या पातेल्यांशेजारी बसून मांडवात पोचली. माझ्या लग्नाला भाड्याचीच गाडी येणार, असं आईने त्याच संध्याकाळी जाहीर केलं. भाऊ आमच्याकडे चहाला यायचे थांबले. मला तर त्यांच्याच मोटारीतून जायचं होतं. शेवटी बाबांनी तोड काढली. काटा सुरू झाला तर मोटार, नाहीतर भाड्याची.

भाऊंनी भंगारातून दुसरा काटा आणून बसवला, तर तोही झोपला. मग एका रविवारी त्यांनी मला किल्ली चालू करून पुढे बसवलं आणि काट्यावरून नजर हलवायची नाही, अशी ताकीद दिली. स्वतः डिकीत अर्धे आत. टाकीवरची वायर सोडून त्यांनी मोटारीच्या पत्र्याला टेकवली, तसा काटा थेट भरलेल्यावर गेला. म्हणजे काटाही ठीक आणि वायरही ठीक. मग पेट्रोलबरोबर वरखाली होऊन काटा हलवणारा टाकीतला तरंगा बाहेर काढून त्यांनी कानाशी हलवला. आत पेट्रोल शिरलं नव्हतं. सगळं जागच्या जागी बसवलं, आणि काटा पुन्हा आडवा.

भाऊंनी टाकीवरून बोट फिरवलं. टाकी चकचकीत होती, कारण भाऊंना रंगकामाचा भारी नाद. दर दसऱ्याला मोटारीवर हात फिरवून झाला की उरलेला रंग फाटकाला, कुंड्यांना आणि शेवटी टाकीला. ती कुणाला दिसत नाही म्हणून तिने का उघडंबोडकं राहावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक टाकीच्या झाकणाला लावलं, दुसरं पत्र्याला.

"भाऊ, हलला," मी म्हणाले.

भाऊंनी डिकीतून डोकं काढलं. चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा. रंगाच्या थरांनी टाकीचा पत्र्याशी असलेला संबंधच तोडला होता. वीज जाणार कुठून? "आपल्याच लाडानं मुकी केली की गं तिला," एवढंच म्हणाले आणि पॉलिश पेपरने बोल्टांखालचा रंग खरवडू लागले.

लग्नाच्या दिवशी मी त्याच मोटारीतून परंदवडीला, सासरच्या गावी मांडवात गेले. काटा वाटेत हळूहळू उतरत होता आणि भाऊ समोरच्या रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच कौतुकाने बघत होते. आईचा जीव मात्र पार मांडव येईपर्यंत टांगणीला.

लेकीच्या सासरी उठसूट जायचं नाही, असा भाऊंच्या घरचा दंडक. तरी महिन्याभरात त्यांची मोटार आमच्या दारात उभी. सासूबाईंना म्हणाले, "पेट्रोल संपलं बघा. काटा परत झोपलाय, मला कळलंच न्हाई." सासूबाईंनी आग्रहाने जेवायला बसवलं. मी मोटारीच्या रेडिएटरात पाणी घालायला तांब्या घेऊन बाहेर गेले. किल्ली भाऊ तशीच चालू ठेवून आले होते, आणि काटा चांगला अर्ध्यावर उभा होता. मी किल्ली बंद केली आणि आत जाऊन भाऊंना आणखी एक भाकरी वाढली. त्यानंतर भाऊंचं पेट्रोल परंदवडीतच संपायला लागलं.

आता गुडघ्यांमुळे भाऊंची मोटार बंद आहे. त्यांचं येणं थांबलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. परवा मी स्कूटर घेऊन लोणावळ्याला त्यांच्या दारात गेले आणि म्हटलं, "भाऊ, पेट्रोल संपलं. काटा बिघडलाय वाटतं."

भाऊ काठी टेकत फाटकापर्यंत आले. वाकून स्कूटरचा काटा पाहिला. तो भरलेल्यावर होता.

"व्हय, बिघडलाय खरा," भाऊ म्हणाले. "जेवल्याबिगर काय दुरुस्त व्हायचा न्हाई."