भिंत नसलेला दरवाजा

दोन हजार चार-पाचची गोष्ट. वडील, म्हणजे आमचे अण्णा, व्हिजिट व्हिसावर जेद्दाला आमच्याकडे राहायला आले. पासपोर्ट हरवायला नको म्हणून तो मी माझ्या खिशात ठेवत असे. जुन्या बाजारात शिरताना त्यांना बजावलं, “चुकामूक झाली तर बाब मक्काशी थांबा. ही गल्ली संपते तिथंच, जुन्या गावाचा दरवाजा. आपल्या वेशीसारखा.”

मगरिबची, दिवस मावळतानाची बांग झाली आणि नमाजापुरतं दुकान बंद म्हणून मसालेवाल्यानं आम्ही दोघं नवरा-बायको आत असतानाच शटर ओढलं. अण्णा बाहेर पायरीवर बसले होते. नमाज आटोपून शटर उघडलं, तर पायरी रिकामी.

“अहो, त्यांना वाटलं असेल आपण पुढे गेलो!” बायको म्हणाली.

आम्ही धावतच दरवाजा गाठला. गावाची भिंत केव्हाच पाडलेली. दरवाजा तेवढा रस्त्यात उभा, दोन्ही अंगांनी गाड्या. अण्णा नव्हते. पलीकडे टॅक्सीवाले “मक्का, मक्का, यल्ला!” ओरडत होते, दिसेल त्याला दंडाला धरून बसवत होते. ‘मक्का’ ऐकून अण्णा बसले असते तर? मुसलमान नसलेल्याला तिकडे जाता येत नाही. चौकीवर उतरवलं, तर दाखवायला कागद नाही.

एका पाकिस्तानी ड्रायव्हरला विचारलं, “बूढ़े आदमी देखे? सफेद टोपी?”

“भाईजान, यहाँ सबकी टोपी सफेद है।”

“नोकवाली. धोती भी.”

“अच्छा, वो! बैठने को बोला, बैठा नहीं. पूछता था, दीवार किधर है. मैंने कहा चाचा, सीधे जाओ, बहुत दीवार है।”

दीवार! आमच्या गावची वेस तटात बसवलेली आहे. अण्णांनी आयुष्यभर दरवाजा पाहिला तो भिंतीतच. मी रस्त्यानं सुटलो. बायको मागून अबायाचा काळा घोळ सावरत येत होती.

कब्रस्तानाच्या उंच भिंतीपाशी, बंद फाटकासमोर, अण्णा पिशवी छातीशी धरून उभे होते.

“अण्णा, दरवाज्याशी थांबा म्हटलं होतं ना?”

“थांबलोय की. तट आहे, दरवाजा आहे.”

“हे कब्रस्तान आहे. दरवाजा मागं राहिला, रस्त्यातला.”

“तो होय? मला वाटलं, मंत्री-बिंत्री येणार म्हणून कमान उभारलीय.”

बायकोला हसू फुटलं आणि त्यातच ती रडायला लागली. अण्णा मात्र हसले नाहीत.

“पोलीस येऊन गेला,” ते हळूच म्हणाले. “इकामा, इकामा करत होता. मी नुसते हात जोडले. बघत राहिला, मग गाडीत कुणाशी तरी बोलायला लागला. गेला. परत येतो की काय, म्हणून जागचा हललो नाही.”

इकामा म्हणजे इथं राहण्याचा परवाना; पाहुण्यानं त्याऐवजी पासपोर्ट दाखवायचा. मी पासपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडून आपला फोटो पाहिला आणि बंडीच्या आतल्या खिशात घातला. विमानतळावर निरोप घेईपर्यंत तो तिथंच होता. मी एकदाही मागितला नाही.