अक्काला सांगितलेला फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, ज्यांच्यासमोर उभा राहून तासतासभर बोलतो त्या मुलामुलींना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — आता राहवत नाही, एवढंच.

आधी माझं काम सांगतो. वेबसाइटसाठी लिहिणाऱ्यांना मी शिकवतो — ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांनाही आपलं पान वापरता येईल असं कसं लिहायचं ते. दिसत नसलेल्या माणसाला त्याचा मोबाइल पान वाचून दाखवतो. पण फोटो आला की मोबाइल अडतो. फोटोत काय आहे हे लिहिणाऱ्यानं शब्दांत लिहून ठेवलं असेल, तरच तो बोलतो. म्हणून माझ्या वर्गात एकानं डोळे मिटायचे आणि दुसऱ्यानं त्याला फोटो सांगायचा. मी बजावतो — दिसतं तेवढंच सांगा. चांगलं-वाईट हे तुमचं मत झालं. ते ऐकणाऱ्याला ठरवू द्या.

या कामाकडे कसे वळलात, असं लोक विचारतात. थोरली बहीण आहे, तिला लहानपणापासून दिसत नाही, असं मी सांगतो. ते खरंच आहे — पण अर्धं.

गेल्या महिन्यात वर्गात एका मुलीनं विचारलं, “सर, पण आपण वर्णन चुकीचं लिहिलं तर त्यांना कळणार कसं?”

“नाही कळणार,” मी म्हणालो. पाणी प्यायलो, वर्ग लवकर सोडला.

अक्कालाही कळलं नव्हतं.

आई जाऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा. घर अक्का चालवायची — चाचपून, वासावरून, तव्याच्या आवाजावरून. मला नुकतीच नोकरी लागलेली, डबा तिच्या हातचा. अशात मोहोळहून स्थळ आलं. मुलाचा एक पाय पोलिओनं गेलेला, स्टँडजवळ एसटीडी बूथ चालवायचा. नात्यातल्या एका लग्नात तो अक्काशी बोलला होता आणि त्यानं आपणहून निरोप धाडला होता. रीतीप्रमाणे सोबत फोटो.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, तो माझ्या हातात दिला, “तिला विचार,” म्हणाले आणि बाहेर गेले. अक्का पीठ मळत होती.

“बाळ्या, कसा हाय रे फोटोत? नुसतं बरा हाय म्हणू नको. नीट सांग.”

“रागीट दिसतोय. कपाळाला आठ्या हायत.”

“बोलला तर किती मऊ.”

“लोकांत समदी तशीच बोलत्यात की.”

तिनं कणकेवर पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, “नको मग. रागीट एक हाय की घरात — आबा.” आणि हसली. मीही हसलो.

का केलं असं? — ती गेली तर डबा कोण करणार, आबांचा संताप कोण झेलणार, एवढंच डोक्यात होतं. तिच्याच भल्यासाठी केलं, असं पुढं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तसं काही नव्हतं.

नकार कळवला, फोटो परत गेला. त्यानंतर अक्काला कुणी मागणी घातली नाही.

आता ती जुळे सोलापूर भागात आमच्याकडेच असते. माझं प्रत्येक पान आधी ती मोबाइलवर ऐकते. “किती लांबड लावतोस रे, मुद्द्याचं बोल की,” म्हणते. ती म्हणेल तसं मी बदलतो. आणि तिचंच नाव घेऊन वर्गात उजळ माथ्यानं उभा राहतो — कसा राहत असेन?

हेही पान आधी तिच्याकडेच जाईल. सकाळी ती गच्चीत चहा पिते, तेव्हा मी शेजारी बसणार आहे. ती काय म्हणेल, मला ठाऊक नाही. पण लिहून झालं आणि हलकं वाटलं. बायकोनं वाढलेलं पोटभर जेवलो. असं वाटणं बरोबर की चूक, कोण जाणे — वाटलं ते लिहिलं.

फोटो माझ्याजवळ नाही. मला तो पाठ आहे. अक्का, तेव्हा सांगायला हवं होतं ते हे —

स्टुडिओतला फोटो. तिशीच्या आतला तरुण, खुर्चीवर बसलेला. चौकड्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कुबडी लपवलेली नाही, दोन्ही हातांनी समोर धरली आहे. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. तो दिसतो, कारण तोंड मिटलेलं नाही. कपाळावर एकही आठी नाही.

तो हसतोय, अक्का.