दुसरं दार कुठाय?

नव्या जागेत पाऊल टाकलं की कुणी पंखा शोधतं, कुणी बसायला बरीशी जागा, कुणी ओळखीचा चेहरा. काजवाली आजी आत शिरताशिरताच विचारायची, "दुसरं दार कुठाय?"

म्हणजे ज्यातून आलो ते सोडून, दुसरं.

दवाखाना असो, बँक असो, नातीच्या शाळेचं स्नेहसंमेलन असो. नाटकाला नेलं तर तिकडे नायिका धाय मोकलून रडतेय आणि इकडे ही बाई मान वळवून मागच्या पडद्याआड दार आहे का ते बघतेय. मुलाच्या लग्नात तर तिनं कहरच केला. हॉलच्या मागच्या दारापुढे फोटोसाठी फुलांची भलीमोठी कमान उभी केली होती. पाहुणे येऊन बसलेले असताना आजीनं ती हलवायला लावली.

फुलवाला तणतणला, "मावशी, अहो फोटोत दार येईल!"

"येऊ दे. माणसं जिवंत आली म्हणजे झालं."

त्यामुळे त्या लग्नाच्या एकूण एक फोटोत नवरानवरीच्या डोक्यावर 'बाहेर' अशी लाल पाटी झळकतेय. सून अजून आल्यागेल्याला सांगते, "घरात आले त्याच दिवशी सासूबाईंनी मला बाहेरचा रस्ता दाखवून ठेवला."

काजवाली हे नाव गल्लीनं ठेवलेलं. शर्टांना काजं करायची आणि बटणं लावायची, हे तिचं काम. शिंप्यांकडून गठ्ठे यायचे, खिडकीपाशी बसून ती ते हातावेगळे करायची. यंत्रावरचं काज तिच्या डोळ्याला खुपायचं. "हे काय काज म्हणायचं? उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय." नवरा लवकर गेला. काजांवरच तिनं मुलाला वाढवलं, त्याला गॅरेज काढून दिलं, सून आणली, नात मांडीवर खेळवली. त्याच्याही आधी, लग्नापूर्वी, ती कपड्यांच्या एका कारखान्यात होती आणि तिची थोरली बहीण तिथल्या आगीत गेली, एवढंच घरात माहीत होतं. त्या विषयाला आजीनं असे घट्ट टाके घातले होते की उसवायची कुणाची छाती झाली नव्हती.

नातीला लांबच्या शहरात नोकरी लागली. तिला सोडायला चौघं गाडीनं निघाली. मुलगा चालवत होता, सून शेजारी, मागे आजी आणि नात आणि दोघींच्या मधे गादीची वळकटी. दुपार टळत आली तशी पोटात कावळे ओरडायला लागले. नातीनं फोनवर शोधाशोध केली.

"बाबा, पुढच्या वळणावर भारी जागा आहे! जुना कपड्यांचा कारखाना होता, त्याचं हॉटेल केलंय. शिलाई मशिनची टेबलं! आजी, खास तुझ्यासाठीच उघडलंय बघ."

आजी खिडकीबाहेर बघत राहिली. वळण आलं. विटांची लांबलचक इमारत दिसली. फाटकाशी पहारेकऱ्याची चौकी होती, तिच्यात आता झाडांच्या कुंड्या विकायला मांडल्या होत्या. आजीचा हात पुढच्या सीटवर गेला आणि तिथेच घट्ट बसला.

मुलानं आरशातून पाहिलं. "आई, बरं वाटत नाहीये का? जाऊ या पुढे?"

"थांब इथेच. भूक लागलीये मला."

प्रवासात आजीला भूक लागलेली त्या घरात कुणी कधी ऐकली नव्हती. मुलानं मुकाट्यानं गाडी आत घेतली.

आतला थाटमाट बघून सून हरखली. छताला मोठमोठ्या रिळांचे दिवे, भिंतीवर कैच्या, मशिनच्या लोखंडी पायांवर काचा टाकून केलेली टेबलं. गर्दीही चांगली होती. तिघं खिडकीजवळ टेकली. आजी मात्र टेकलीच नाही. ती टेबलांमधून सरळ चालत गेली, वाट न विचारता, अगदी शेवटच्या भिंतीपर्यंत.

तिथे दार होतं. छानपैकी निळं रंगवलेलं. पुढ्यात जुन्या मशिनी रचलेल्या, त्यांच्यावर हिरव्या वेली सोडलेल्या, आणि कडीला घासूनपुसून लखलखीत केलेलं थोराड कुलूप. एक जोडपं त्या कुलपाला हात लावून फोटो काढून घेत होतं.

"सुंदर आहे ना, आजी?" तिथला तरुण मॅनेजर लगबगीनं आला. "दार मूळचंच आहे. कुलूपसुद्धा, बाहेरून कडीसकट काढून आत लावलंय. लोक मुद्दाम ह्यासाठी येतात."

"किल्ली आण."

"किल्ली कुठली, आजी! शोभेचं आहे ते."

"आणि दार?"

"दारही आता शोभेचंच म्हणा ना."

"मग आग लागली की ही माणसं कुठून जायची?"

मॅनेजर हसला. "आग कशाला लागेल?"

"मागच्या वेळी इस्त्रीच्या टेबलापाशी लागली होती," आजी म्हणाली. "तुझं कॉफीचं मशिन आहे ना, तिथे होतं ते टेबल."

मुलगा मागोमाग आला होता, त्याच्या कानावर हे पडलं. "आई... हाच तो कारखाना?"

"हाच." आजी त्याच्याकडे वळली. आवाज चढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. कामाचा हिशेब द्यावा तशी बोलली. "संध्याकाळी सुटताना झडती असायची. कुणी कापड नेतंय का, रीळ नेतंय का. पुढच्या दाराशी रांग लावायची आणि आपली पाळी आली की हात वर करायचे. हे दार कायम बंद. इथून माल जाईल म्हणून. त्या दिवशी धूर झाला आणि आम्ही बायकांनी काय केलं, सांगू? रांग लावली. झडती घेणारी केव्हाच पळाली होती आणि आम्ही हात वर करून रांगेत उभ्या. सवयच तशी लागलेली."

"आणि मावशी?" सून हळूच म्हणाली. तीही उठून आली होती, नातीला घेऊन.

"ताई शहाणी. म्हणाली, अगं वेडे, रांगेत काय उभी राहतेस, मागचं दार जवळ आहे! माझा हात धरून ओढलं. तेवढ्यात रांग पुढे सरकली, मागून लोंढा आला, हात सुटला. मी पुढून बाहेर पडले आणि ती इथे आली. तिच्यामागून आणखी बऱ्याच जणी आल्या." आजीनं निळ्या दारावर पंजा टेकवला. "बाहेर अंगणात सुपरवायझर उभा होता. किल्ली त्याच्याच खिशात. आतून ह्या ओरडतायत, उघड, उघड. आणि तो म्हणतो, थांबा, मालकांना विचारून येतो."

फोटो काढणारं जोडपं कधीच बाजूला झालं होतं.

मॅनेजरनं खिशातून फोन काढला. "आजी, आईशप्पथ, मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. पण मी पडलो पगारी माणूस. एक मिनिट हं, मालकांना फोन करून वि..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं.

"विचार की," आजी म्हणाली. "खुशाल विचार. पण तोवर ही सगळी माणसं बाहेर बसव." आणि त्याची वाट न बघता तिनं टाळी वाजवली. "अहो मंडळी, इकडे ऐका! आपापल्या ताटल्या उचला आणि अंगणात चला. इथलं मागचं दार बंद आहे."

सूपचा चमचा तोंडाशी नेलेले एक काका गोंधळले. "आत्ता?"

"मग काय उद्या? ऊन आहे बाहेर, सूप गार नाही व्हायचं."

कुणी हसलं, कुणी कपाळाला आठ्या घातल्या. एक बाई मात्र कडेवरचं बाळ सावरत उठली आणि बाहेर गेली. तिच्यामागून दुसरं टेबल उठलं. काकांनीही सूप उचललं.

"आई, लोक बघतायत," मुलगा पुटपुटला.

"तुझ्या लग्नातही बघत होते. मेलास का तू?"

मॅनेजरनं फोन लावला होता. पलीकडचा आवाज इतका खणखणीत की सगळ्यांना ऐकू आला. "म्हातारीचं बिल माफ कर आणि कटव तिला! दाराला हात लावायचा नाही!"

आजी मशिनींच्या ढिगासमोरच्या बाकावर ऐसपैस बसली. "त्यांना म्हणावं, मी बसलेय."

नात एव्हाना वेली खाली उतरवायला लागली होती. सुनेनं एका मशिनीला हात घातला आणि कण्हत म्हणाली, "पुन्हा कमान हलवायची, सासूबाई? आणि ह्या वेळी मी?"

"तेव्हा तू नवरी होतीस. तेव्हा सूट दिली होती."

मुलगा तडक बाहेर गेला. आला तेव्हा त्याच्या हातात चाक बदलताना लागते ती लोखंडी टॉमी होती. तो कुलपाकडे सरकणार, तोच मॅनेजर आडवा आला. फोनमधून अजून कुणीतरी ओरडत होतं. त्यानं तो बंद करून खिशात टाकला आणि हात पुढे केला.

"द्या इकडे. जागा माझ्या ताब्यात आहे, मीच उघडणार."

कुलूप काही तुटलं नाही. ते पूर्वीच्या काळचं होतं. तुटला तो कोयंडा. रंगानं दार चौकटीला चिकटून बसलं होतं, तेव्हा मुलानं आणि मॅनेजरनं मिळून खांदा लावला. दार करकरलं, अडलं आणि एकदम बाहेरच्या बाजूला उघडलं. दोघं गवतात धडपडले.

ऊन आत आलं. बाहेर कमरेएवढं गवत, त्यापलीकडे मोकळं रान. मधे एकच पायरी.

आजी उठली आणि ती पायरी उतरली. दाराच्या बाहेरच्या अंगाला रंग नव्हता, नुसतं काळं पडलेलं लाकूड होतं. त्यावर ती बराच वेळ हात फिरवत राहिली.

"बरोबर म्हणाली होती," ती अखेर म्हणाली. "जवळच होतं."

मग तिनं नाक पुसलं आणि आत आली. "चला, आता वाढा काहीतरी. खरंच भूक लागलीये."

तिनं सूप प्यायलं, पाव खाल्ला, सुनेच्या ताटलीतलं अंडंही संपवलं. मॅनेजर ते कुलूप हातात धरून शेजारी घुटमळत होता. "हे आता कुठे ठेवू? लोक विचारतील."

"लाव की भिंतीवर. आणि खाली पाटी लाव, ह्या कुलपानं किती बायका मारल्या त्याची. तुला माहीत नसेल तर मी एकेकीचं नाव सांगते. बस इथे."

"मालक मला काढून टाकतील, आजी."

"त्यांना म्हणावं, परत जाताना आम्ही ह्याच रस्त्यानं येणार आहोत. मी आधी दार बघीन, मग पाटी वाचीन. काही बोलायचं असेल तर मालकांनी तेव्हा माझ्याशी बोलावं."

तो खरोखरच बसला. तिनं नावं सांगितली. सगळ्यात शेवटी ताईचं.

निघताना तिनं तिघांनाही मागच्या दारानं काढलं. गवतातून सगळ्या इमारतीला वळसा घालून गाडीपर्यंत जाताजाता सगळ्यांच्या कपड्यांना कुसळं लागली. सून वैतागली. "पुढून आलो असतो तर गाडी समोरच होती, सासूबाई."

"गाडी काय पळून जात नव्हती."

गाडी रस्त्याला लागली. आजी पदराची कुसळं एकेक वेचत होती. नात हळूच म्हणाली, "आजी, रागवू नकोस, पण माझ्या नव्या खोलीला ना, एकच दार आहे."

"खिडकी?"

"आहे. गज आहेत तिला."

आजीनं शेवटचं कुसळ खिडकीबाहेर टाकलं आणि पुढे वाकून मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"टॉमी हाताशी ठेव रे."