कादरमास्तरांची सही

कादरमास्तर सही करत नसत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण पोस्टमनने रजिस्टर पुढे केलं की माझ्याकडून शाईचं पॅड मागवून अंगठा उठवायचे. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या खोलीखालीच माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. गल्लीतली पोरं कुठल्याशा दाखल्यावर सही मागायला वर जायची. मास्तर त्यांना चहा पाजायचे आणि म्हणायचे, "सही सोडून काहीबी माग, बाप्पा." पोरं खाली येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायची.

मलाही म्हातारा विक्षिप्तच वाटायचा. मग एके दुपारी ते स्वतः अर्ज टाइप करून घ्यायला आले. माहितीच्या अधिकारात अमरावतीच्या पोलिसांना विचारायचं होतं: जिल्ह्यात आजवर पंचविशीच्या आतल्या किती जणांना बंदुकीचा परवाना दिला, आणि त्यांतल्या किती जणांनी त्या बंदुकीने गुन्हा केला. मी म्हटलं, मास्तर, या वयात शिकारीला निघालात की काय? ते हसले नाहीत. तेव्हा कुठे सगळं सांगितलं.

भातकुलीकडच्या एका गावात त्यांची शेवटची शाळा. त्या वर्षांत कपाशीला भाव नव्हता, आणि हरभरा उगवला तर रानडुकरं लोळवायची. त्यांचा जुना विद्यार्थी गजू, तेव्हा जेमतेम बाविशीतला, पीक राखायला बंदुकीचा परवाना काढत होता. वागणूक चांगली असल्याचा दाखला मास्तरांनी हौसेने दिला. वर्षभरात धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात गजूने त्याच बंदुकीने चुलतभावाला ठार मारलं आणि तो अमरावतीच्या जेलात गेला. मास्तरांनी गाव सोडलं ते सोडलंच. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. "माह्यासारखे अजून कितीक फसले, तेवढं मले पाह्याचं हाय," ते म्हणाले. त्या अर्जावर मात्र त्यांनी सही केली, चांगली वळणदार.

उत्तर आलं की वयाप्रमाणे अशी माहिती ठेवलेली नाही. मास्तरांनी अपील केलं. मग अमरावतीची एसटी, सुनावणी, पुढची तारीख. परत आले की माझ्या बाकावर बसून राहायचे, कारण वर वाट बघणारं कोणी नव्हतं. खरं सांगतो, कधीकधी वैताग यायचा. पण शटर ओढताना त्यांना उठा म्हणणं जिवावर यायचं. आता पुरे करा म्हटलं की म्हणायचे, "आकडा येऊ दे."

आला एकदाचा. परवाने बरेच होते. गुन्ह्यांपुढे लिहिलं होतं, एक.

मीच ते वाचून दाखवलं. आपल्यासारखं आणखी कोणी असेल म्हणून हा माणूस इतका झिजला, आणि निघाला एकटाच. मास्तरांनी चष्मा पुसला, कागद स्वतः वाचला आणि सकाळची अमरावती गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी चिडलो. म्हटलं, आता पुन्हा अपील?

"अपील नाही. जेलात जातो, गजूले भेटाले. लय असते तं कोनाकोनाले भेटलो असतो? एकच हाय."

इतक्या वर्षांत ते एकदाही गेले नव्हते. कितीदा अमरावतीला जाऊन तसेच परतले होते.

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता आले. जेलच्या रजिस्टरवर सही केली म्हणाले. गजू काय बोलला, मी विचारलं.

"म्हने, मास्तर, तुमी इतके दिवस आले काहून नाही?"

पुढे मास्तर मरेपर्यंत दर महिन्याला जात राहिले. गजूला काय उत्तर दिलं, ते मी कधी विचारलं नाही.