अडीच हात फिल्म

त्या सकाळी मी रीळ गुंडाळायचं हँडल फिरवत होतो आणि भागरता, माझी बायको, फिल्म बोटांमधून जाऊ देत होती. टॉकीजच्या केबिनमधलं आमचं रोजचं काम. फिल्मचा जोड हाताला लागला की ती "थांबा" म्हणायची, मी थांबायचो. तिला दोन दिवसांपासून ताप होता.

"घरी पडून राह्य," मी म्हटलं.

"अन् तुमच्या या ठोकळ्या बोटाईले जोड सापडते का?"

एवढंच. यानंतर आम्ही दोघांनी मिळून कोणतंच साधं काम केलं नाही.

दुपारी त्याच टॉकीजमध्ये, सगळ्या लोकांसमोर, तिला उठवून बाहेर काढलं. आणि मी मशीन चालवत राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कोणी चांगला माणूस समजणार नाही.

तेव्हा घरोघर केबल आली होती, टॉकीज रिकामी पडली होती. वकीलसाहेबांनी तिथं दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवसांचं शिबिर ठेवलं. गावातले मोठे, सगळ्या समित्यांवर तेच. सिनेमा कसा पाहावा, याचं शिबिर. शिकवायला शहरातून एक सर आले. मालकाकडं पडलेली एक जुनी प्रिंट त्यांनी निवडली. खुनाचा सिनेमा. तीच प्रिंट घेऊन आम्ही मार्कंड्याच्या जत्रेत तंबूत खेळ लावायचो. पहिलं रीळ मी किती वेळा पाहिलं त्याला गणती नाही.

सुरुवात अशी आहे. मोठा बंगला. एक बाई एकेक खिडकी लावत येते. कॅमेरा जमिनीलगत ठेवलाय, म्हणून तिचे पाय मोठे दिसतात आणि तोंड दूर राहतं. दिवा खालून. सावली तिच्याहून उंच होते आणि भिंतीवर तिच्या पुढं चालते. वाजा नाही, गाणं नाही. नळ ठिबकतो तेवढाच. पहिल्या चार खिडक्यांचे शॉट लांब लांब. पाचवीपासून आखूड होत जातात. बाई त्याच चालीनं चालते, पण आपल्याला वाटतं ती पळत सुटली. शेवटी आरशासमोर येते. मान वर करते. आणि एकदम दार सताड उघडं. बाई नाही.

हे मला कोणी शिकवलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पण केबिनच्या भोकातून लोकांची डोकी दिसतात. डोकी कुठं हलायची थांबतात, ते पाहून समजतं.

त्या दुपारी सर तेच सांगत होते. चांगलं सांगत होते, खोटं कशाला बोलू. मग आरशावर आले. "इथं दिग्दर्शकाची प्रतिभा पाहा. बाई आरशात पाहते, पण काय पाहते ते तो दाखवत नाही. आवाजसुद्धा काढून घेतो. नळ बंद. पूर्ण शांतता. आणि मग दार."

मागच्या खुर्चीवर बसलेली भागरता खुदकन हसली. मग मोठ्यानं म्हणाली, "ते त म्या कापलं, सर."

खरंच तिनं कापलं होतं. आरशात खुन्याचं तोंड होतं. मोठं, मिशीवालं. एका जत्रेत फिल्म मशीनमध्ये अडकली आणि त्या तोंडाच्या मधोमध जळाली. जळाल्या होत्या तीन चौकटी. मी तेवढ्याच काढायला निघालो. तिनं माझ्या हातातली कात्री घेतली.

"सबन तोंडच काढा. तोंड दिसलं का भेव सरते."

अडीच हात फिल्म काढली. हातभर फिल्म म्हणजे एक सेकंद. ब्लेडनं खरवडून, सोल्युशन लावून तिनंच जोडलं. जोडावर टक् असा आवाज येतो, म्हणून कडेच्या आवाजाच्या पट्टीवर दोन वीत काळी शाई फिरवली. सरांची शांतता ती हीच. त्याआधी लोक त्या मिशीला हसायचे. पुढच्या खेळाला पहिल्यांदा बाया किंचाळल्या.

"या कोण?" सरांनी विचारलं.

"मशीनवाल्याची बायको," वकीलसाहेब म्हणाले.

"बाई, इथं सिनेमा शिकवतो आहोत आम्ही. झाडझूड नंतर करा."

टॉकीजभर हसू फुटलं. ती बसूनच राहिली. "झाडाले नाई आली जी मी. जोड हाताले लागते. वर येऊन पाहा."

वकीलसाहेब मागं गेले. तिला हात लावला नाही. हात लावायचाच नव्हता त्यांना. खुर्ची मागून तिरपी केली, ती उभी होईपर्यंत. "ह्या लोकांना कुठं बसावं तेच समजत नाही, सर. मशीनला हात लावू दिला तर हे दिग्दर्शक झाले. चल बाई, बाहेर बस."

जाताना तिनं वर पाहिलं, केबिनच्या भोकाकडं. तिला माझा एक डोळा दिसला असेल.

"ऑपरेटर, पुन्हा दाखवा."

मी रीळ मागं गुंडाळलं. पुन्हा दाखवलं. असं चार वेळा. चारही वेळा सर तिच्याच जोडावर बोलले. चारही वेळा मी ऐकलं.

खाली उतरलो तेव्हा ती पायरीवर खांबाला टेकली होती. ऊन सगळं अंगावर. हात लावला तर चटका बसला.

"तुमी काऊन गप राह्यले जी?"

"नोकरी हाय."

"अन् जोड कोनाचा हाय?"

तिचं माझ्याशी ते शेवटचं बोलणं.

गडचिरोलीला दवाखान्यात नेलं. मलेरिया, डोक्यात चढलेला. शिबिराच्या चौथ्या दिवशी सकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला पाहिजे होतं. ते माझ्या माथ्यावर. तिचं मरण मी सरांवर घालत नाही. पण तिची अक्कल तिच्या जीवात जीव असताना, तिच्या डोळ्यांपुढं दुसऱ्याच्या नावावर केली. आणि मशीनवर हात माझा होता.

दुपारी वस्तीतल्या लोकांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, अग्नी दिला. राख निवली नव्हती तेवढ्यात वकीलसाहेबांचा निरोप आला. वाईट झालं. मधले दिवस टीव्हीवर भागवले, पण उद्या समारोप आहे, तेवढं रीळ लावून दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. केबिनच्या जिन्याकडं वळलो नाही. सरळ पडद्यापुढं. तिथं फळा होता. त्यावर सरांनी सिनेमा करणाऱ्यांची नावं लिहिली होती. दिग्दर्शक. कॅमेरा. संकलन, म्हणजे फिल्म कापणारा-जोडणारा.

"अरे, इकडं कुठं? वर जा," वकीलसाहेब म्हणाले.

"मशीन बंद हाय. आधी ऐका."

सगळं सांगितलं. मिशी, तीन चौकटी, कात्री, शाई. कोणी हसलं नाही. सर उठून हात जोडत म्हणाले, "भाऊ, तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत. पण ही वेळ..."

"दुःख माहं हाय, ते राहू द्या. कापलं कोनं, ते बोला."

मी खडू उचलला. संकलनाच्या नावाखाली लिहिलं. भागरता. मला लिहायला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळे थांबले.

वकीलसाहेब डस्टर घेऊन पुढं आले.

"पुसा," मी म्हटलं. "मी पुन्हा लिहितो. मले आता दुसरं काम नाई."