उपरण्याखालचा इंग्रजी इतिहास

कॉलेजातल्या सरांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. नगरमध्ये अजूनही उलटं सांगतात, म्हणून हे आधीच लिहून टाकतो. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या संध्याकाळी सभागृहात नव्हतेच, आणि जे होते ते हसत होते. हसणाऱ्या माणसाला ऐकू येत नसतं.

माझा जन्म श्रीगोंदा तालुक्यातला. शाळा इंग्रजी तिसरीत सुटली. मास्तरांनी माझ्या पाठीवर पट्टी मोडली आणि मी दौतीतली शाई त्यांच्या टोपीत ओतली. त्यानंतर बैलबाजारात दावी धरण्यापासून सुरुवात करून मी दलाल झालो. बापाची ओळख नाही, जमीन नाही, फक्त बोटं होती. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि आत बोटं धरून भाव सांगतात. बघणाऱ्याला नुसतं कापड हलताना दिसतं. बोटं दाबली की कबूल. आतली गोष्ट तिसऱ्याला सांगायची नाही आणि स्वतःच्या फायद्याला वापरायची नाही. याला ना कागद ना साक्षीदार. तरी ही रीत मोडणारा एकच दलाल मी पाहिला. त्याला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त त्याच्यासमोर कुणी हात पुढे करेना. तो बाजारभर हात पुढे करून फिरायचा आणि आम्ही खिशात हात घालून बघत राहायचो. शेवटी पाथर्डीकडे जाऊन तो दुसऱ्यांच्या शेळ्या राखू लागला असं कळलं, तेव्हा आम्ही चहा मागवला.

महायुद्धात मी नगरला आलो. भिंगारच्या छावणीतून निघणाऱ्या लिलावांत खोगिरं, तंबू, बूट, जे मिळेल ते उचलायचो. गोरे जायला निघाले तेव्हा त्यांच्या एका क्लबातल्या सगळ्या खुर्च्या मी घेतल्या. त्या खुर्च्यांसोबत पुस्तकांच्या पेट्या होत्या. त्या उचलायला हमाल कोण लावणार, म्हणून लिलाववाल्यानं त्या माझ्या गळ्यात मारल्या.

बहुतेक पुस्तकं शिकारीची. एका पेटीत मात्र इंग्रजी साहित्याच्या इतिहासाचे जाड खंड निघाले. छावणीत वावरून माझं इंग्रजी भांडण्याइतकं पक्कं झालं होतं. पुड्या बांधायला कागद कसा आहे ते बघायला मी एक खंड उघडला, तर चित्र दिसलं: चौकात उभा केलेला गाडा, गाड्यावर नाटक, भोवती दाटीवाटीनं उभी माणसं. अगदी आपल्या जत्रेसारखं. मध्ययुगात तिथले व्यापारी आणि कारागीर असे गाडे काढून बायबलातल्या गोष्टी दाखवायचे. प्रत्येक धंद्याला त्याचा प्रसंग वाटून दिलेला. जहाजं बांधणाऱ्यांकडे महापुरात तरलेल्या नावेचा. आणि खिळे करणाऱ्यांकडे येशूला क्रुसावर ठोकण्याचा. हे वाचून मी दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो. एवढा हिशोबी धर्म मी पहिल्यांदा पाहिला. तो खंड मी फाडायचा राहू दिला.

त्याच आठवड्यात सर कपाट घ्यायला आले. नव्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलेले, सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे, भर उन्हात कोट. भाव करता येईना. कपाटाचं दार उघडायचे, लावायचे आणि "ठीक आहे, पण..." एवढंच म्हणायचे. मला कीव आली असं म्हणणार नाही. मला गिऱ्हाईक दिसलं.

"कपाट न्या," मी म्हणालो. "पैसे नकोत. रोज संध्याकाळी येऊन या पुस्तकात माझं जिथं अडतं ते सांगायचं."

"शेठ, तुम्ही हे वाचता?" त्यांनी खंडाकडे आणि मग माझ्या पायांतल्या लष्करी बुटांकडे पाहिलं.

"वाचत नाही. झोंबतो."

सर चांगलं शिकवायचे, हे मी नाकारत नाही. बशीतून चहा फुरकत ते चारशे वर्षं अशी ओलांडायचे, जशी आपण सीना नदी उन्हाळ्यात ओलांडतो. इंग्लंडच्या राजवाड्यात फ्रेंच बोलायचे आणि इंग्रजी ही गड्यांची भाषा होती, हे त्यांनी सांगितलं. आमच्या निजामशाहीत दरबारात फारसी आणि भाजीबाजारात मराठी, तसंच, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "वा, शेठ." हा शब्द ते फार उदारपणे वापरायचे. फुकट होता ना.

पण खंड जसजसे पुढे गेले तसं मला काहीतरी दिसायला लागलं, जे त्यात लिहिलेलं नव्हतं. इंग्रजीत पहिलं पुस्तक छापणारा माणूस पंडित नव्हता, कापडाचा व्यापारी होता. त्यांचा सगळ्यात मोठा नाटककार हातमोजे करणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठातून शिकून आलेले लेखक त्याच्यावर जळायचे आणि त्याला उसनी पिसं लावणारा म्हणायचे. दुसरा एक नाटककार विटा रचायचा. भांड्यांना ठिगळ लावणाऱ्या एकानं तुरुंगात बसून लिहिलं. मोज्यांच्या धंद्यात बुडालेल्या एकानं म्हातारपणी कादंबऱ्या लिहिल्या आणि त्याआधी चौकात लाकडी खोड्यात मान अडकवून उभा राहिला. सत्तेला न आवडणारं छापणाऱ्यांचे तिथं कानसुद्धा कापायचे. चांगली पद्धत होती.

हा सगळा इतिहास सर राजा-राणीच्या नावांनी शिकवायचे. अमक्या राणीचा काळ, तमक्या राजाचा काळ. मी म्हणालो, हे चूक आहे. हा इतिहास गिऱ्हाइकाच्या नावानं सांगितला पाहिजे. आधी गिऱ्हाईक होता मठ, म्हणून पुस्तकं पापाची. मग सरदार आला, म्हणून पुस्तकं स्तुतीची. मग नाटकगृहात उभं राहून बघणारा, खिशात एक नाणं असलेला माणूस आला. त्याला राजाही हवा, विदूषकही हवा आणि शेवटी सगळे मेलेलेही हवेत, म्हणून नाटकं तशी झाली. धर्मवेड्यांनी नाटकगृहंच बंद पाडली, म्हणजे दुकानाला टाळं. आणि शेवटी कॉफीच्या दुकानात वर्तमानपत्र वाचत बसलेला व्यापारी गिऱ्हाईक झाला, तेव्हा लेखक शुद्धीवर आल्यासारखे सरळ गद्य लिहू लागले. त्यालाच पुस्तकात ज्ञानोदयाचं युग म्हणतात. गिऱ्हाईक बदललं, माल बदलला. एवढंच.

सरांनी बशी खाली ठेवली. या वेळी ते 'वा' म्हणाले नाहीत. हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. बैल खरोखर आवडलेला माणूस त्याची तारीफ कधीच करत नाही.

गावातल्या शारदीय व्याख्यानमालेत त्या वर्षी मला एक संध्याकाळ मिळाली होती. क्लबातल्या खुर्च्या मी सभागृहाला दिल्या होत्या, त्याचा तो मोबदला होता. अध्यक्ष असलेल्या वकीलसाहेबांनी तसं तोंडावर सांगितलंही होतं. "अर्धा तास बोला, काहीही बोला, फक्त लिलाव पुकारू नका." मला त्याचं काही वाटलं नाही. मला त्या व्यासपीठावर उभं राहून हे बोलायचं होतं. पट्टी मोडलेली पाठ त्या गावाला दाखवायची होती. दुसरं काहीही मला आयुष्यात इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

म्हणून मी माझं सगळं भाषण सरांना ऐकवलं. आधी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं आणि म्हणालो, "सर, हे आतलं आहे." रीत समजावून सांगितली. ते हसले, आणि त्यांनी माझी बोटं दाबली. नीट, दोनदा दाबली.

घरी बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाजारातली रीत बाजारातच ठिवा. त्या मानसाला उपरनं म्हंजे अंग पुसायचं कापड."

"तुला काय कळतंय?"

"मला न्हाई कळत. तुमाला लई कळतंय, म्हनून भ्या वाटतंय."

माझ्या भाषणाच्या आदल्या दिवशी सरांचं व्याख्यान होतं. विषय जाहीर झाला होता 'स्वतंत्र देशातील शिक्षण'. मी पहिल्या रांगेत, माझ्याच खुर्चीवर. सर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले की आज विषय थोडा बदलतो आहे. मग म्हणाले, इंग्रजी साहित्याचा इतिहास आजवर राजांच्या नावांनी सांगितला गेला. मी तो ग्राहकाच्या नावानं सांगणार आहे.

गिऱ्हाइकाचं ग्राहक केलं होतं. बाकी सगळं माझं. मठ, सरदार, नाटकगृह, टाळं, कॉफी. खिळेवाल्यांवर जिथं मी हसलो होतो तिथं त्यांनी लोकांना हसवलं. निजामशाहीची फारसीसुद्धा सोडली नाही. टाळ्या थांबेनात. वकीलसाहेबांनी डोळे पुसले. माझ्या शेजारचा म्हणाला, "याला म्हणतात विद्वत्ता."

सकाळी मी सरांच्या खोलीवर गेलो. ते दाढी करत होते. वस्तरा त्यांच्याच गळ्याशी होता, ही त्यांची चांगली वेळ.

"आतलं बाहेर काढलंत," मी म्हणालो.

"बसा ना, शेठ. चहा सांगू?"

"बोटं दाबली होती तुम्ही."

आरशातूनच ते म्हणाले, "मी तुम्हाला शिकवलंय ना? तिथं छापखानेवाले नाटक चाललं असताना आपली माणसं बसवायचे आणि ऐकून ऐकून नाटक पळवायचे. मग ज्ञानोदयाच्या काळात लेखकाच्या हक्काचा कायदा झाला. पण तो छापलेल्याला लागू, शेठ. बोललेल्याला नाही. आणि तुमचं भाषण आपल्या लोकांनी तुमच्या तोंडून ऐकलं असतं का? मी बोललो म्हणून तुमचा विचार जगला. खरं तर तुम्ही माझे आभार मानायला हवेत."

मी तिथंच हात उचलला असता तर बरं झालं असतं. मी तो संध्याकाळसाठी राखून ठेवला, हा माझा तोट्याचा सौदा.

बायको म्हणाली, "आज जाऊ नगा. ताप आलाय म्हना." पण बाजारात खुंट्याला बांधलेलं जनावर मी माघारी नेत नाही. गेलो. उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य बोललो: "काल इथं तुम्ही जे ऐकलंत ते माझं होतं."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "लिलावात घेतलंत काय?" आणि सभागृह फुटलं. माझ्या खुर्च्या त्यांच्याखाली करकरत होत्या. मी मठापासून सुरुवात केली तर पुढची वाक्यं लोकच म्हणू लागले. सरदार म्हणालो, मागून सरदार. नाटकगृह म्हणालो, मागून नाटकगृह. शाळेत पोरं उजळणी म्हणतात तसं.

तेव्हा सर उठले. हात वर करून त्यांनी लोकांना शांत केलं. त्यांचा आवाज मऊ होता.

"मित्रहो, हसू नका. शेठजी माझे विद्यार्थी आहेत. मी शिकवलेलं त्यांनी पाठ केलं, आणि प्रेमापोटी त्यांना ते आपलंच वाटू लागलं. शिक्षकाला याहून मोठी पावती कोणती? मी यांच्यावर रागावलेलो नाही. यांच्यासाठी टाळ्या वाजवा."

वाजवल्या. चोराला माफ केल्याच्या टाळ्या, आणि चोर मी.

टेबलावर पाण्याचा तांब्या होता. तो मी फेकला. सरांना लागला नाही, भिंतीला लागला. वकीलसाहेब माइकवरून म्हणाले, "मालाचं नुकसान गिऱ्हाइकाकडून वसूल करावं." ते हसणं अजून माझ्या कानात आहे. गावच्या वाचनालयातून माझं नाव काढलं गेलं. त्या भाषणाच्या बळावर सर पुण्याला मोठ्या जागेवर गेले. कपाटही घेऊन गेले.

ते खंड मी कॉलेजच्या दारात फुटाणे विकणाऱ्याला देऊन टाकले. सरांचे विद्यार्थी चारशे वर्षांचा इतिहास फाडून त्यात फुटाणे खायचे, कागद चुरगाळून गटारात टाकायचे. मी रोज समोर उभा राहून बघायचो. मला बरं वाटायचं. एकच पान मी काढून ठेवलं होतं. शब्दकोश करणाऱ्या एका तापट माणसाला एका सरदारानं दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं. काम पुरं झाल्यावर तोच सरदार आश्रयदाता म्हणून मिरवायला पुढे आला, आणि त्या माणसानं त्याला साऱ्या देशादेखत जाब विचारला.

आता ऐकतो की पुण्यात सरांचा सत्कार आहे आणि त्यात ते भाषण छापून निघणार आहे. म्हणजे आता ते छापलेलं होईल, कायद्यानं त्यांचं होईल. म्हणून छापण्याआधी विचारतो. वकीलसाहेब वारले, त्यांना सोडून दिलं. हसणाऱ्यांना मी मोजतच नाही. तुम्ही मात्र आहात, सर. तुम्हाला ऐकू येतं, बोलता येतं, आणि ज्या देशाचा इतिहास तुम्ही शिकवलात तिथल्यासारखे तुमचे कान कुणी कापलेले नाहीत. त्या संध्याकाळी माझ्या दुकानात, माझ्या उपरण्याखाली, तुम्ही माझी बोटं दाबली होती की नव्हती? सत्काराला उभे राहाल तेव्हा हार गळ्यात पडायच्या आधी, माइकवर, सगळ्यांसमोर, याचं उत्तर द्या.